कार्व्हर यांचा गोतावळा आणि त्यांची श्रद्धा

अध्यक्ष महोदय, ग्रंथालयाचे कार्यकर्ते आणि बंधुभगिनींनो,

आजच्या व्याख्यानासाठी मी जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हा विषय सुचवला, तेव्हा आयोजकांपैकी एकाने एक रास्त शंका काढली. कार्व्हर हे नाव मराठी घरांत गेल्या दोन पिढ्या चांगलेच रुजलेले आहे, शेंगदाण्यापासून तीनशे वस्तू करणारा गुलामाचा मुलगा म्हणून ते शाळकरी मुलांनाही ठाऊक आहेत, मग आता नव्याने सांगण्यासारखे काय आहे? मी चौतीस वर्षे कृषी विस्ताराचे, म्हणजे शेतीचे ज्ञान शेतकऱ्यापर्यंत पोचवण्याचे काम केले. त्या काळात कार्व्हर यांची चरित्रे, त्यांची पत्रे आणि त्यांच्या शेतीविषयक पुस्तिका मी पुन्हापुन्हा वाचल्या. त्या वाचनातून माझे एक मत बनले आहे, आणि ते आपल्यापुढे मांडावे एवढाच आजचा हेतू आहे. लग्न न केलेल्या, आईवडिलांची आठवणही नसलेल्या या माणसाच्या संशोधनाचे माप एकर नव्हते, घर होते. एका गरीब कुटुंबाचे वर्ष कसे निभेल, या प्रश्नातून त्यांचे सगळे काम निघाले, आणि हा प्रश्न त्यांनी देवापुढे बसून स्वतःला विचारला होता. त्यांच्या विज्ञानातून गोतावळा आणि श्रद्धा या दोन गोष्टी काढून घेतल्या, तर पाककृतींची एक लांबलचक यादी तेवढी हाती उरते.

आरंभ त्यांच्या आईपासून करावा लागेल. अमेरिकेच्या मिसूरी राज्यात डायमंड ग्रोव्ह नावाच्या वस्तीजवळ मोझेस कार्व्हर आणि सुझन कार्व्हर हे जर्मन वंशाचे शेतकरी दांपत्य राहत होते. त्यांनी १८५५ साली मेरी नावाची तेरा वर्षांची मुलगी सातशे डॉलरला विकत घेतली. त्या व्यवहाराचा लेखी दस्त झाला होता. ही मेरी म्हणजे जॉर्जची आई. वडील शेजारच्या शेतावर गुलाम होते आणि जॉर्जच्या जन्माच्या सुमारास एका अपघातात ते गेले. जॉर्जचा जन्म १८६४च्या आसपासचा; नक्की तारीख कोणी लिहून ठेवली नाही. यादवी युद्धाच्या अखेरच्या धामधुमीत लुटारूंची एक टोळी आली आणि तिने मेरीला व तान्ह्या जॉर्जला पळवून नेले. मोझेस यांनी बेंटली नावाच्या माणसाला त्यांच्या मागावर धाडले. तो आर्कान्सामधून डांग्या खोकल्याने अर्धमेले झालेले मूल तेवढे घेऊन परतला, आणि मोबदला म्हणून मोझेस यांनी त्याला शर्यतीचा एक घोडा दिला. त्या घोड्याची किंमत तीनशे डॉलर होती, असे कार्व्हर यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. मेरीचा ठावठिकाणा पुन्हा कधीच लागला नाही.

पोरक्या झालेल्या जॉर्जला आणि त्याच्या थोरल्या भावाला, जिमला, मोझेस आणि सुझन यांनी घरात ठेवून वाढवले. गुलामगिरी कायद्याने संपली होती, आणि त्या दांपत्याला स्वतःचे मूल नव्हते. जिम अंगापिंडाने धट्टाकट्टा असल्यामुळे तो मोझेसबरोबर शेतावर जाई. जॉर्ज कायम आजारी, आवाज किरटा, म्हणून तो सुझनच्या हाताखाली राहिला. स्वयंपाक, धुणे, शिवण, विणकाम, चरबी आणि राखेपासून साबण करणे, कातडी कमावणे हे सारे तो तिच्याकडे शिकला, आणि अक्षरओळखही तिनेच करून दिली. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्या काळातले बहुतेक कृषिशास्त्रज्ञ वडिलांच्या नांगरामागून प्रयोगशाळेत आले होते. हा मुलगा चुलीपाशी आणि धुण्याच्या घंगाळापाशी वाढला होता. कोणतीही वस्तू टाकण्याआधी तिचे आणखी काय करता येईल हे पाहण्याची गृहिणीची सवय त्याला लहानपणीच लागली. रानात त्याने स्वतःपुरती एक चोरटी बाग केली होती. कोणाचे झाड मरू लागले की ते त्याच्याकडे आणले जाई, आणि आसपासचे लोक त्याला झाडांचा डॉक्टर म्हणत.

श्रद्धेची सुरुवातही त्याच घरातली आहे, आणि ती त्यांनी १९३१च्या एका पत्रात अतिशय साधेपणाने सांगितली आहे. वय जेमतेम दहा. शेजारच्या एका गोऱ्या मुलाने रविवारच्या शाळेची गोष्ट काढली, तेव्हा जॉर्जने प्रार्थना म्हणजे काय असे त्याला विचारले. पुढे एका दुपारी धान्याच्या कोठारातल्या माळ्यावर तो एकटाच मक्याची कणसे सोलत बसला होता. दाणे गिरणीवर न्यायचे होते. तिथेच देव आपल्या मनात आला, असे ते लिहितात. तो मक्याच्या पिंपाजवळ गुडघे टेकून बसला आणि त्याला सुचली तशी प्रार्थना त्याने केली. कोणी उपदेशक समोर नव्हता, की काही चमत्कार घडला नव्हता. हातातले काम आणि प्रार्थना एकाच जागी, एकाच वेळी सुरू झाली, आणि पुढे सत्तर वर्षे ती दोन्ही त्यांच्याकडे वेगळी झाली नाहीत.

डायमंड ग्रोव्हच्या शाळेत काळ्या मुलांना प्रवेश नव्हता. म्हणून लहान वयातच जॉर्ज आठ मैलांवरच्या निओशो गावी गेला आणि मारिया व अँड्र्यू वॉटकिन्स या काळ्या दांपत्याकडे राहिला. मारिया सुईण होती आणि लोकांचे कपडे धुऊन देत असे. जॉर्जने स्वतःची ओळख कार्व्हरांचा जॉर्ज अशी करून दिली, तेव्हा तिने त्याला थांबवले आणि आजपासून तुझे नाव जॉर्ज कार्व्हर असे बजावले. शाळा तिच्या परसाला लागूनच होती. मधल्या सुट्टीत मुलगा कुंपण ओलांडून घरी येई, धुण्याला हात लावी आणि घंटा झाली की पुन्हा वर्गात जाई. शिकायचे तेवढे शीक, आणि मग आपल्या माणसांत जाऊन ते त्यांना परत दे, असे ती त्याला सांगत असे. तिने दिलेले बायबल कार्व्हर यांनी जन्मभर वापरले. मारियाचे हे शब्द मी विस्तार कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणात अनेकदा सांगितले आहेत, कारण कृषी विस्तार या शब्दाची याहून चांगली व्याख्या मला कुठल्या पाठ्यपुस्तकात सापडली नाही.

नंतरची दहाबारा वर्षे भटकंतीची आहेत. कॅन्ससमधल्या फोर्ट स्कॉट गावी १८७९ साली जमावाने एका काळ्या माणसाला हालहाल करून मारले. ते या मुलाने डोळ्यांनी पाहिले आणि त्याने ते गाव सोडले. त्या रात्रीची आठवण त्यांना म्हातारपणीही छळत असे. एका महाविद्यालयाने टपालाने प्रवेश दिला आणि दारात उभा राहिल्यावर रंग पाहून नाकारला. १८८३ साली जिम देवीच्या साथीत गेला, आणि रक्ताचे म्हणावे असे कोणीही उरले नाही. मधल्या काळात त्यांनी पश्चिम कॅन्ससच्या माळरानावर सरकारी जमीन घेऊन, ढेकळांचे घर बांधून शेतीही करून पाहिली.

पण या वर्षांत गावोगावी त्यांना घरे मिळत गेली. आयोवातल्या विंटरसेट गावी चर्चमध्ये त्यांचे गाणे ऐकून मिलहॉलंड नावाच्या गोऱ्या बाईंनी त्यांना घरी बोलावले. त्या घराशी त्यांचा इतका जिव्हाळा जडला की पुढे अनेक वर्षे पत्रव्यवहार चालू राहिला. मिलहॉलंड पतिपत्नींच्या आग्रहामुळेच ते १८९० साली सिम्पसन महाविद्यालयात दाखल झाले. तिथे फी भरल्यावर हाती जे उरले त्यातून थोडी चरबी आणि मक्याचे पीठ आले. प्रार्थना, चरबी आणि मक्याचे पीठ यांवर आपण दिवस काढले, आणि पुष्कळदा चरबी व पीठही नसे, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. त्यांना चित्रकार व्हायचे होते. एटा बड या कलाशिक्षिकेने त्यांची झाडाफुलांची चित्रे पाहिली आणि हा मुलगा वनस्पतिशास्त्राकडे जायला हवा असे ओळखले. तिचे वडील एम्स येथील कृषी महाविद्यालयात उद्यानविद्येचे प्राध्यापक होते. १८९१ साली कार्व्हर तिथे पहिले काळे विद्यार्थी म्हणून गेले. त्यांना भोजनगृहात इतरांबरोबर बसू दिले जाईना, नोकरांबरोबर तळघरात जेवावे लागे. ही बातमी कळताच सिम्पसनच्या गावातली लिस्टन नावाची एक गोरी बाई ठेवणीतले कपडे घालून आगगाडीने एम्सला आली, दिवसभर त्यांच्याबरोबर फिरली आणि त्यांच्या शेजारी तळघरात बसून जेवली. त्यानंतर त्यांचे दिवस पुष्कळ सुसह्य झाले. आपण ज्याला मानलेले नाते म्हणतो ते याहून वेगळे काय असते?

एम्समध्ये त्यांनी लुई पॅमेल यांच्या हाताखाली बुरशीजन्य रोगांचा अभ्यास केला, १८९४ साली पदवी आणि १८९६ साली पदव्युत्तर पदवी घेतली. त्यांच्या प्रार्थनागटात जेम्स विल्सन हे प्राध्यापक होते, जे पुढे सोळा वर्षे अमेरिकेचे कृषिमंत्री झाले. आणि दुसऱ्या एका प्राध्यापकाच्या, हेन्री सी. वॉलेस यांच्या, सहा वर्षांच्या मुलाला बरोबर घेऊन ते रानात फिरत, फुलाचे भाग उकलून दाखवत. तोही मुलगा मोठेपणी कृषिमंत्री आणि नंतर अमेरिकेचा उपराष्ट्राध्यक्ष झाला. संकरित मक्याच्या बियाण्याचा धंदा उभा करणाऱ्या त्या हेन्री ए. वॉलेस यांनी कार्व्हर यांच्याबरोबरच्या त्या भटकंतीचे ऋण जाहीरपणे सांगितले आहे.

१८९६ साली बुकर टी. वॉशिंग्टन यांनी त्यांना अलाबामातल्या टस्कीगी संस्थेत बोलावले. काळ्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या या शिक्षणसंस्थेचे ते प्रमुख होते. वर्षाला एक हजार डॉलर आणि राहण्याजेवण्याची सोय. कार्व्हर यांच्या उत्तराचा आशय असा होता की, आपल्या लोकांपैकी अधिकात अधिक जणांचे अधिकात अधिक भले करावे हे माझे आयुष्यातले एकच ध्येय आहे, त्यासाठीच मी इतकी वर्षे तयारी करत आलो, आणि शेतीचे शिक्षण हीच आपल्या लोकांच्या मुक्तीच्या दाराची किल्ली आहे. त्या ऑक्टोबरात ते टस्कीगीला पोचले ते मरेपर्यंत तिथेच राहिले.

आता मी ज्या भागासाठी हे व्याख्यान निवडले त्याकडे येतो. टस्कीगीभोवतालच्या प्रदेशातला काळा शेतकरी बहुधा दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कसत असे. जमीन मालकाची, बी मालकाचे, दुकानातली उधारी मालकाची किंवा त्याच्या ओळखीच्या दुकानदाराची, आणि या साऱ्याला तारण म्हणून शेतात उभा असलेला कापूस. कापूस वेचून झाला की हिशेब होई आणि बहुतेक वर्षी बाकी अंगावर निघे. कर्ज कापसावर मिळत असल्यामुळे कापूस दारापर्यंत लावला जाई, भाजीपाल्यालाही जागा ठेवली जात नसे. जेवणात खारवलेले चरबीचे मांस, मक्याचे पीठ आणि काकवी. या आहारातून पेलाग्रा नावाचा रोग होतो, कारण मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला सहजी मिळत नाही. कातडी काळवंडून सोलते, जुलाब लागतात, बुद्धी भ्रमिष्ट होते. जमिनीचीही तीच उपासमार चाललेली होती. वर्षानुवर्षे एकच पीक, वरून पावसाने धुपून गेलेली माती. आपल्याकडच्या कापूसपट्ट्यातल्या लोकांना हे वर्णन परके वाटणार नाही.

कार्व्हर यांच्याकडे प्रयोगासाठी दहा एकर निकृष्ट जमीन होती आणि पैसा जवळजवळ नव्हता. उकिरड्यावरच्या बाटल्या, फुटके भांडे, दिवा यांतून विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन त्यांनी पहिली प्रयोगशाळा मांडली. विकतचे खत घालून पीक वाढते हे सिद्ध करण्यात त्यांना रस नव्हता, कारण ते खत ज्याने घ्यायचे त्याच्या खिशात दमडी नव्हती. त्यांनी दलदलीतला गाळ, रानातला पालापाचोळा आणि शेणखत कुजवून घातले, जमीन खोल नांगरली, आणि चवळी, भुईमूग यांसारखी द्विदल पिके फेरपालटात आणली. या पिकांच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जीवाणू हवेतला नत्र धरून जमिनीला देतात, हे ज्ञान तेव्हा युरोपात नुकतेच सिद्ध झालेले होते. आपल्या शेतकऱ्याने त्याला फार पूर्वीपासून शब्द दिला आहे. भुईमुगाचा बेवड चांगला, असे आपण म्हणतो, म्हणजे त्यानंतर येणारे पीक जोमदार येते. अलाबामातल्या त्या शेतकऱ्याला बेवड सांगणारे कोणी नव्हते. ते काम कार्व्हर यांनी केले.

आणि इथेच त्यांच्यातला सुझनचा आणि मारियाचा मुलगा पुढे आला. चवळी, रताळी आणि भुईमूग पेरा, असे सांगितल्यावर शेतकरी विचारी, याचे करू काय? बाजार कापसाचा होता. तेव्हा घरात खाऊन, वाळवून, साठवून या पिकांचा उपयोग कसा करावा हे शोधणे हाच संशोधनाचा पुढचा भाग झाला. आपल्या पुस्तिकांत त्यांनी शेतकरी, शिक्षक आणि गृहिणी अशा तिघांचीही सोय पाहिली. अशा चव्वेचाळीस पुस्तिका निघाल्या. १९१६ची जी सर्वांत गाजली तिच्यात भुईमुगाची लागवड आणि त्याचे खाण्याचे एकशे पाच प्रकार आहेत. टोमॅटोची आहे, रानटी आलुबुखाराचे पीक वाया न घालवता साठवण्याची आहे, शेतकऱ्याला रोज तीन चवदार जेवणे कशी मिळतील याची एक आहे, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, वयाच्या अखेरीस लिहिलेली एक पुस्तिका रानात आपोआप उगवणाऱ्या खाण्याजोग्या पाल्यांवर आहे. शेंगदाण्यात नायसिन भरपूर असते. ज्या घरात तो रोजच्या जेवणात आला, त्या घरातला पेलाग्रा हटण्याची वाट मोकळी झाली.

पुस्तिका वाचता न येणाऱ्यांचे काय, हा प्रश्न त्यांना पहिल्या वर्षापासून होता. शनिवार-रविवारी ते खेचराच्या गाडीत बी, औते, अचार-मुरंब्याच्या बरण्या भरून वस्त्यांवर जात. १९०६ साली मॉरिस जेसप या धनिकाच्या देणगीतून त्यांच्या आराखड्यानुसार एक खास गाडी बांधली गेली, आणि शेतीची शाळा चाकांवर बसून शेतकऱ्याच्या दारात जाऊ लागली. त्यांचाच विद्यार्थी टॉमस कॅम्बेल ती चालवू लागला आणि त्याच वर्षी केंद्रीय कृषी खात्याचा पहिला काळा विस्तार अधिकारी झाला. गाडी थांबली की पुरुषांना नांगरट आणि बायकांना अन्न टिकवणे, दुधाचे भांडे स्वच्छ ठेवणे, घराच्या भिंती रंगवणे दाखवले जाई. भिंतींचा रंग हा तपशील मला फार आवडतो. अलाबामाच्या टेकड्यांत पांढरी, पिवळी, तांबडी माती विपुल आहे. ती गाळून, कालवून झोपडीला लावण्याची कृती कार्व्हर यांनी शिकवली, कारण घर पाहायला बरे दिसले की माणूस त्यात उमेदीने राहतो, असे त्यांना वाटे. हा विचार पीक उत्पादनाच्या कोणत्याही तक्त्यात बसत नाही.

त्यांची ख्याती ज्या तीनशे वस्तूंवर उभी आहे त्यांबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. शेंगदाण्याचे लोणी त्यांनी शोधले नाही. ते त्यांच्या आधीपासून होते. त्या यादीतल्या पुष्कळ वस्तू एकमेकींच्या जवळच्या आहेत आणि फार थोड्या बाजारात टिकल्या. पेटंटे त्यांच्या नावावर तीनच आहेत. भुईमुगाच्या तेलाच्या मालिशने पोलिओग्रस्त मुलांचे पाय बरे होतात असे त्यांना वाटले, पण गुण येत होता तो बहुधा मालिशचा होता, तेलाचा नव्हे. कुक्कुटपालनाचे अहवाल त्यांनी नीट दिले नाहीत म्हणून संस्थेत चौकशीही झाली. ते हळवे आणि मानी होते, वॉशिंग्टन यांच्याकडे वारंवार राजीनाम्याची भाषा करत. हे सारे सांगितल्याने त्यांची थोरवी उणावते असे मला वाटत नाही. वस्तूंची संख्या मोजत राहिलो तर आपण चुकीच्या जागी पाहतो. त्यांच्या कार्याचे मोजमाप एखाद्या वाटेकऱ्याच्या फडताळात हिवाळ्यासाठी किती बरण्या भरून ठेवल्या गेल्या, यावरून करायला हवे.

त्यांची श्रद्धा याच कामाच्या आत होती. पहाटे चारला उठून ते रानात जात. देव सर्वांत स्पष्ट बोलतो तो या वेळी, असे ते म्हणत, आणि परतताना हाती वनस्पती, बुरशी, मातीचे नमुने असत. कोटाच्या काजात रोज एक ताजे फूल असे. प्रयोगशाळेला ते देवाचे छोटे कारखानाघर म्हणत. देवाने व्यर्थ असे काहीच निर्माण केले नाही, ही त्यांची धारणा होती. तिच्यामुळे टरफल, भुसा, गाळ, तण यांपैकी कशालाही टाकाऊ ठरवायला त्यांचे मन तयार होत नसे. पुष्कळ शास्त्रज्ञांच्या बाबतीत श्रद्धा आणि संशोधन शेजारी शेजारी राहतात. कार्व्हर यांच्या बाबतीत श्रद्धेतून थेट संशोधनाचा विषय ठरत होता.

याचा त्यांना त्रासही झाला. नोव्हेंबर १९२४मध्ये न्यूयॉर्कच्या एका चर्चमध्ये बोलताना, मी प्रयोगशाळेत पुस्तक नेत नाही, काय करायचे ते मला आतून उमगते, अशा अर्थाचे ते बोलले. न्यूयॉर्क टाइम्सने अग्रलेख लिहून त्यांना फटकारले. शास्त्रज्ञ असे बोलत नसतात, आणि अशाने काळ्या लोकांच्या शिक्षणाचे हसे होईल, असा त्याचा रोख होता. कार्व्हर यांना तो फार लागला. त्यांनी उत्तर लिहिले. आपण कोणाकडे शिकलो, काय वाचले, हे सांगून त्यांनी म्हटले की अंतःप्रेरणा अभ्यासाची जागा घेत नाही. आणि मग एक उदाहरण दिले. न्यूयॉर्कच्या बाजारात त्यांना अळूचे कंद, म्हणजे आपल्या अळकुड्या, मांडलेले दिसले. पाहताक्षणी त्या कंदांपासून करता येण्याजोग्या डझनावारी गोष्टी उभ्याउभ्याच सुचल्या, आणि पुढे घरी जाऊन त्या पडताळून पाहायच्या होत्या. माझ्या समजुतीप्रमाणे यात शास्त्राविरुद्ध काही नाही. कल्पना कुठून येते याचे नाव त्यांनी देव असे सांगितले, आणि ती खरी की खोटी हे ठरवायला मात्र परीक्षानळीच वापरली.

१९२१च्या जानेवारीत अमेरिकी संसदेच्या समितीपुढे भुईमुगावरच्या आयात कराविषयी बोलायला त्यांना दहा मिनिटे दिली होती. एका सदस्याने वर्णावरून टोमणा मारला. कार्व्हर यांनी तो मनावर न घेता एकेक जिन्नस मांडायला सुरुवात केली, आणि वेळ संपल्यावर अध्यक्षांनीच तुम्हाला हवे तितके बोला म्हणून सांगितले. वनस्पती आणि तिचे बीज तुम्हाला अन्न म्हणून दिले आहे, हा बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकातला आधार त्यांनी त्या समितीपुढेही दिला.

टस्कीगीत १९०७च्या सुमारास काही विद्यार्थ्यांच्या विनंतीवरून त्यांनी रविवारी संध्याकाळी बायबलचा वर्ग सुरू केला. हजेरीची सक्ती नव्हती, तरी खोली भरून जाई, आणि तो वर्ग तीसएक वर्षे चालला. वनस्पती आणि खनिजे हातात घेऊन ते जुन्या कथा सांगत. विद्यार्थी त्यांची मुले होती. ती शिकून गेल्यावरही त्यांना पत्रे लिहीत, आणि ते प्रत्येकाला, माझ्या प्रिय मुला, म्हणून उत्तर धाडत. १९२०च्या दशकात दक्षिणेतल्या गोऱ्या तरुणांच्या शिबिरांत ते बोलू लागले. काळ्या माणसाशेजारी जेवायला न बसण्याच्या संस्कारात वाढलेल्या त्या तरुणांपैकी कित्येकांना त्यांनी आपल्या याच पत्रकुटुंबात घेतले. स्वतःच्या लग्नाचा विचार त्यांनी एकदा गंभीरपणे केला होता, पण तो पुढे गेला नाही. १९३५ साली ऑस्टिन कर्टिस हा तरुण रसायनशास्त्रज्ञ सहायक म्हणून आला, आणि म्हातारपणी त्यांना मुलगा मिळाला. कार्व्हर त्याच्या हातात आपली कामे सोपवत, त्याची काळजी करत, आणि तो त्यांना प्रवासात सांभाळी.

आपल्या देशाशीही त्यांचा एक धागा जुळला होता. गांधीजींचे स्नेही चार्ल्स अँड्र्यूज १९२९ साली टस्कीगीला गेले होते. गांधीजींच्या शाकाहारी आहाराविषयी कार्व्हर यांनी सूचना धाडल्या आणि आपल्या पुस्तिकाही पाठवल्या. दोन गरीब प्रजांच्या ताटात काय असावे, याचा तो पत्रव्यवहार होता.

पैशाकडे त्यांचे लक्ष नसे. पगाराचे धनादेश टेबलाच्या खणात पडून राहत. तरी कपड्यालत्त्यावर काही खर्च नसल्यामुळे आयुष्याच्या अखेरीस साठ हजार डॉलरच्या घरात रक्कम साठली, आणि ती सगळी त्यांनी टस्कीगीत संशोधनासाठी काढलेल्या प्रतिष्ठानाला दिली. ५ जानेवारी १९४३ रोजी ते गेले. त्याच वर्षी अमेरिकेच्या संसदेने डायमंड ग्रोव्हचे ते शेत राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित केले.

एक गोष्ट मी मुद्दाम शेवटासाठी ठेवली आहे. १९०८ साली कार्व्हर डायमंड ग्रोव्हला गेले होते. सुझन केव्हाच गेली होती, मोझेस नव्वदी ओलांडून गेलेले होते. ज्याने आपल्या आईला विकत घेतले आणि ज्याने आपल्याला वाढवले तो हा एकच माणूस, आणि त्याच्या भेटीला ते गेले. तिथून परतताना त्यांनी मेरीचा चरखा बरोबर आणला. आईचा चेहरा त्यांना आठवत नव्हता, छायाचित्र असण्याचा प्रश्नच नव्हता. टस्कीगीतल्या खनिजांनी, वाळलेल्या वनस्पतींनी आणि बाटल्यांनी दाटलेल्या आपल्या बिऱ्हाडात त्यांनी त्या चरख्यासाठी जागा केली आणि पुढची चौतीस वर्षे तो जवळ ठेवला.